आमरीचा पत्ता

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. त्याआधी आमच्या घरात झाडाच्या फांदीवर उगवणाऱ्या सगळ्याच गोष्टींना एक शब्द होता, बांडगूळ. बांडगूळ झाडाचा रस पिऊन जगतं. आमरी नुसती फांदीवर बसते, पाऊस आणि हवा खाऊन राहते, झाडाचं काही घेत नाही. हा फरक मी आईला कितीदा सांगितला, पण तिच्या बोलण्यातून तो शब्द काही गेला नाही.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. मधून लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि प्रत्येक खोलीला एक खिडकी. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर खोलीत मी आणि आई, दोघीच. मी परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर रक्ताच्या काचा मायक्रोस्कोपखाली बघायच्या, पेशी मोजायच्या आणि लिहायच्या. काम आवडतं, पण त्यात आपण कोणाला बरं करत नाही, फक्त काय आहे ते सांगतो. खिडकीच्या जाळीत कुंड्या टांगायचा नाद मला कदाचित त्यामुळेच लागला असेल.

ही आमरी माझ्याकडे आली ती गावाहून. सिंधुदुर्गात आमचं घर आहे, तिथे माझा चुलत भाऊ आणि वहिनी राहतात. मी त्याला दादा म्हणते. घरासमोर एक जुना रायवळ आंबा आहे. एका मे महिन्यात मी गेले तेव्हा तारांना लागते म्हणून त्याची एक फांदी नुकतीच छाटलेली होती आणि अंगणात पडून होती. तिच्या सालीला हाताच्या पंजाएवढा एक झुबका चिकटलेला दिसला. पानं जाड, चपटी, एकात एक बसवलेली. वेणी घालून तिच्यावर इस्त्री फिरवावी तशी. वर बघितलं तर आंब्याच्या उरलेल्या फांद्यांवर असे वीस-पंचवीस झुबके तरी होते. लहानपणापासून त्या आंब्याखाली खेळले, पण वर कधी नीट पाहिलं नव्हतं.

मी सालीसकट तो झुबका काढला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसने मुंबईला आणला. आईने पिशवी उघडून पाहिली.

"आंब्यावरचा बांडगूळ?" ती म्हणाली. "लोका गावाकडसून फणस हाडतत, आणि तू ह्या काय हाडलंस?"

मी नारळाच्या सोडणावर तो झुबका ठेवला, जुन्या ओढणीच्या पट्टीने बांधला आणि खिडकीत पूर्वेच्या कोपऱ्यात टांगला. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी पानं पिवळी पडून गळाली. टाकीच्या पाण्याने उरलेल्या पानांवर पांढरे डाग पडले, म्हणून पावसाचं पाणी बाटल्यांमधून भरून ठेवायला लागले. मुंग्या आल्या. मग पिठ्या ढेकूण आला. तो कानाच्या काडीने एकेक पान उचलून काढावा लागला. मी ड्युटीवर असताना दुपारी दोनदा आई फवारा मारायची. तोंडाने कुरकुर चालूच असायची, पण एकही दुपार तिने चुकवली नाही.

तीन वर्षं फूल आलं नाही. फुलाशिवाय आमरी ओळखता येत नाही. पानांवरून कूळ कळतं, ते मी पुस्तकांवरून शोधलं होतं: ओबेरोनिया. पण ओबेरोनियाच्या जाती पुष्कळ आणि पानं सगळ्यांची सारखीच. फरक असतो तो फुलाच्या एका पाकळीत. तिला ओठ म्हणतात. त्या ओठाची कड कशी आहे, सरळ, दातेरी की झालरीसारखी, त्यावर सगळं ठरतं.

चौथ्या वर्षी सप्टेंबरात एका कोंबाच्या शेंड्यातून हिरवा दोरा बाहेर आला. रोज थोडा थोडा खाली उतरत तो वीतभर लांब झाला, उंदराच्या शेपटीसारखा. त्यावर मोहरीच्या दाण्याएवढ्या कळ्या दाटीवाटीने बसल्या होत्या. मग वरून खाली त्या उमलायला लागल्या. रंग विटकरी. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दोऱ्याला गंज चढल्यासारखं दिसायचं. आईने चष्मा लावून बघितलं.

"हेच्यासाठी तीन वर्सां?" ती म्हणाली.

मी चार फुलं चिमट्याने काढून छोट्या डबीत घातली आणि लॅबमध्ये नेली. आमचा मायक्रोस्कोप खालून उजेड देतो, त्यात फुलाची फक्त सावली दिसते. मग मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला, तेव्हा ओठ दिसला. मी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तेच बघत राहिले. कड नुसती दातेरी नव्हती. एकेक दात पुन्हा फाटलेला होता, बारीक, जवळजवळ केसांसारखा, आणि मधल्या भागावर जांभळा ठिपका होता. पुस्तकात आपल्याकडच्या दोन जाती या वर्णनाच्या जवळ येत होत्या. एकीत ठिपका नव्हता, दुसरीत झालर इतकी फाटलेली नव्हती. तिसरं नाव मला सापडेना.

आयपीसला मोबाइल टेकवून मी फोटो काढले. त्या वेळी मला किती आनंद झाला होता हे आज लिहायला जड जातं.

आमरी पाळणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात मी गप्प बसून वाचत असायचे. तिथे पहिल्यांदा फोटो टाकले. दोन-तीन जणांनी अंगठे दाखवले, एकाने "छान" लिहिलं. आणि संध्याकाळी एका गृहस्थांचा वेगळा मेसेज आला. "मॅडम, फोटो अप्रतिम आहेत. ओठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना कान असल्यासारखे भाग आहेत का? तेवढं पाहाल?"

हा प्रश्न फक्त जाणत्या माणसालाच पडेल असा होता. मी दुसऱ्या दिवशी पाहून कळवलं. मग त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी पाहिलं. पंधरा दिवस हे चाललं होतं. ते कधी घाई करायचे नाहीत, कधी आगाऊ बोलायचे नाहीत. फूल कसं उकलायचं, पाकळ्या काचेवर कशा पसरायच्या, मोजमाप कसं घ्यायचं, हे मला त्यांनी शिकवलं. मॅडमचं ताई झालं. माझ्या आयुष्यात या विषयावर माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. लॅबमधल्या मैत्रिणी ऐकून घ्यायच्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसायचा.

एक दिवस त्यांनी लिहिलं, "ताई, हे वेगळं आहे. कदाचित नोंदच झालेली नसेल. पण मूळ जागेवरची झाडं पाहिल्याशिवाय कोणी मानणार नाही. कुठलं आहे?"

मी आधी फक्त जिल्हा सांगितला.

"मला फक्त फोटो काढायचे आहेत," ते म्हणाले. "आणि घरच्यांची परवानगी घेऊनच. कोणाला फोन करू?"

परवानगीचं त्यांनी स्वतःहून विचारलं, तिथे माझी उरलीसुरली शंका गेली. मी गावाचं नाव दिलं, शाळेच्या मागचं घर म्हणून खूण सांगितली, अंगणातून काढलेला आंब्याचा जुना फोटो पाठवला आणि दादाचा नंबर दिला. एवढंच करून थांबले नाही. मी स्वतः दादाला फोन केला. म्हटलं, "एक सर येतील आंब्यावरची झाडं बघायला. मोठे अभ्यासक आहेत. त्यांना काय हवं-नको ते बघा."

"येवंदेत," दादा म्हणाला. "माझो दिवस भाताच्या कापणीत. पण तुझी वयनी घरातच आसा."

त्यानंतरच्या आठवड्यात रविवारी दुपारी मी जेवून उठत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. आवाज आनंदी होता.

"तुझी माणसां येवन गेली गो," ती म्हणाली. "तिघे होते. गाडी घेवन इलेले. मी चाय दिलंय, पोहे दिलंय. तुझा नाव सांगल्यानी, माका बरा वाटला."

"फोटो काढले का त्यांनी?"

"फोटो काडल्यानी, आणि मगे झाडां काडल्यानी. शिडी आमचीच दिलंय. वरच्या फांदियेक शिडी पुराक नाय, तर एकटो वर चढलो. सगळा काडून नेल्यानी, एक म्हणान ठेवक नाय. ओल्या गोणपाटात गुंडाळून, अगदी सांभाळून. तुका व्हयी होती मां ती?"

आई ताट उचलता उचलता थांबून माझ्याकडे बघत होती. मी वहिनीला म्हटलं, "हो. बरं केलंत." आणि फोन ठेवला.

मी त्या गृहस्थांना फोन लावला. लागला नाही. मेसेज केला, त्याला एकच टिक आली आणि ती एकच राहिली. ग्रुपमधूनही त्यांचं नाव गेलं होतं. ग्रुप चालवणाऱ्या माणसाला मी सगळं लिहून कळवलं. त्याने उत्तर दिलं की वाईट झालं, पण ठिकाण कोणालाही सांगू नये हा नियम सगळ्यात वर लिहिलेला आहे, तो मी वाचला नव्हता का. मी जाऊन पाहिलं. नियम होता. मी ग्रुपमध्ये आले तेव्हा वाचलाही होता. पण तो नियम झाडं विकणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासारख्यांसाठी नाही, अशी काहीतरी माझी समजूत होती.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "फुकट गेला ता जावंदे. पण तुझ्या वयनीक सांगू नको. तिच्या हातान झाला ता, तिका लागात."

लॅबमधल्या एका डॉक्टरांच्या ओळखीने मला दादरच्या एका बाईंचा पत्ता मिळाला. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास, ऐकायला थोडं कमी, डोळे मात्र ठणठणीत. मी त्यांच्यासमोर मोबाइल ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. वाटलं होतं रागावतील. त्या रागावल्या नाहीत. फोटो मोठे करून करून बघत राहिल्या.

"सुंदर काढलेत," त्या म्हणाल्या. "फुलं कुठे आहेत?"

"कोणती?"

"हीच. स्पिरिटमध्ये ठेवली असतील ना?"

मी ठेवली नव्हती. ज्या काचांवर उकलली, त्या धुऊन टाकल्या होत्या. शेपटीवर राहिलेली फुलं सुकून पडली होती. मी रोज दहा पेशंटांचे नमुने लेबल लावून जपून ठेवते आणि हे मला सुचलं नाही.

"ओठाचा तळ एकाही फोटोत स्पष्ट नाही," बाई म्हणाल्या. "आणि तळावरच सगळं आहे. त्या माणसाला ते माहीत होतं. त्याने तुला नुसतं शब्दांत विचारून घेतलं, फोटो मागितला नाही." मग त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फूल आलं की माझ्याकडे आण. तोवर नाव नाही."

तरीही मी तक्रार द्यायला गेले. आमच्या गावाकडच्या वनखात्याच्या कार्यालयात दादा बरोबर आला; त्याला मी सगळं सांगितलं होतं, वहिनीला नाही. टेबलामागचे गृहस्थ सभ्य होते, त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्यांनी विचारलं, झाड कोणाचं? दादा म्हणाला, माझं. घरात कोणी अडवलं का? नाही. जबरदस्ती? नाही. शिडी कोणाची? दादा माझ्याकडे बघायला लागला.

"आणि चोरीला गेलेल्या झाडाचं नाव काय?" त्यांनी पेन उचलून विचारलं.

मी म्हटलं, "ओबेरोनिया."

"पुढे?"

"पुढचं अजून ठरलेलं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ते चिडले नाहीत की हसले नाहीत. म्हणाले, "ताई, दुर्मीळ आहे असं तुम्ही म्हणता. पण संरक्षित झाडांच्या यादीत शोधायचं तर मला नाव लागेल. नाव मिळालं की या, मी लिहून घेतो." आम्ही बाहेर आलो. दादाने मला कोकम सरबत पाजलं आणि मग म्हणाला, "चल, घराकडे जावया. वयनी वाट बघता."

झाडं गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा आंब्याखाली उभी राहिले. जिथे जिथे झुबके होते तिथे साल खरवडली गेली होती आणि फिकट डाग पडले होते. बोटाने चाचपडलं तर मुळांचे पांढरे धागे अजून सालीत अडकलेले होते. मी आजूबाजूच्या वाड्यांमधले आंबे, फणस, चिकूसुद्धा पाहून आले. एकावरही ती वेणी दिसली नाही. वहिनी माझ्याबरोबर फिरत होती. ती परत परत विचारत होती, "तुका अजून व्हयी? मगे त्यांच्याकडसून घे की. सगळी त्यांच्याकडेच आसत."

आईने सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. पण चौथ्यांदा तिने ते विचारलं तेव्हा मला ते पेलवेना. मी तिला खरं सांगितलं.

चालता चालता ती थांबली. मग म्हणाली, "म्हणजे मी चोरांक चाय दिलंय?"

"तुमची काही चूक नाही वहिनी. मीच पाठवलं त्यांना."

"तू पाठवलंस म्हणान तर दिलंय," ती म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. जसं झालं तसं सांगावं, तसं म्हटलं. मला ते अधिक लागलं. संध्याकाळी तिने नेहमीसारखी भाकरी वाढली, मासे वाढले, पण माझ्याशी बोलली नाही. निघताना पिशवीत कुळथाची पिठी घातली.

मुंबईला परतल्यावर माझ्या खिडकीतला झुबका हा एकच राहिला. निदान मला माहीत असलेला तरी एकच. तोवर मी त्याला प्रेमाने वाढवत होते, आता भीतीने वाढवायला लागले. दिवसातून चार वेळा आईला फोन करायचे, फवारा मारलास का, ऊन कुठवर आलं, कबुतर बसलं नाही ना. आई शेवटी म्हणाली, "इतको जीव माझ्यार पण लाव गो." ती हसत म्हणाली होती. मी मात्र पुन्हा विचारलं, ऊन कुठवर आलं.

बाई म्हणाल्या की एकाच जागी सगळं ठेवणं शहाणपणाचं नाही, अर्धा झुबका माझ्या गच्चीत ठेवू. मी ब्लेड स्पिरिटने पुसून घेतलं आणि झुबक्याचे दोन भाग केले. बाईंचा भाग मी स्वतः दादरला नेऊन दिला. त्यांनी तो सावलीच्या जाळीखाली टांगला आणि वहीत तारीख लिहिली.

पुढच्या सप्टेंबरात दोरा आला. एकच, पण आला. आणि त्याच महिन्यात आमच्या इमारतीचा नंबर लागला. चाळी पाडून टॉवर होणार हे बरीच वर्षं ऐकत होतो, शेजारच्या इमारती रिकाम्या झालेल्या बघत होतो, आता आमची पाळी होती. मला खोली सोडायचं दुःख करायला फुरसतच मिळाली नाही. दोरा किती उतरला, कळ्या कुठवर आल्या, एवढंच मी बघत होते. बाईंना फोन करून विचारलं, आणखी किती दिवस? त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस तरी हलवू नकोस." आमच्याकडे नऊ होते.

आम्ही भाड्याने जागा घेतली परळला, सतराव्या मजल्यावर. आईला देव, पाटा-वरवंटा आणि वडिलांचा फोटो याशिवाय कशाची काळजी नव्हती. सामानाचा टेम्पो पुढे गेला. आम्ही दोघी टॅक्सीत बसलो. माझ्या मांडीवर खोका आणि त्यात सोडण उभं टांगलेलं, म्हणजे दोरा कशाला लागू नये. हिंदमाताच्या सिग्नलला टॅक्सी बराच वेळ अडकली. ऊन माझ्या बाजूला होतं. आईने पदर काढून काचेला लावला आणि सिग्नल सुटेपर्यंत धरून बसली.

नव्या जागेत खिडकी मोठी आहे, पण पश्चिमेची. दुपारनंतर भिंत तापते आणि वारा सतत वाहतो. बाहेर काही टांगायचं नाही हा सोसायटीचा नियम. मी ओला पंचा लावला, पाण्याचे ट्रे ठेवले, पांढरा पडदा शिवून घेतला. तिसऱ्या दिवशी वरच्या कळ्या तपकिरी झाल्या. पाचव्या दिवशी दोऱ्याला हात लावला, तर कळ्या भुकटीसारख्या बोटावर आल्या. एकही उमलली नव्हती. मी ती भुकटी कागदात घेऊन लॅबमध्ये गेले, मायक्रोस्कोपखाली ठेवली, टॉर्च तिरका धरला. बंद कळीच्या आत ओठ असतो, हे मला माहीत होतं. सुया घेऊन अर्धा तास प्रयत्न केला. तो उलगडायच्या ऐवजी तुटत गेला.

बाईंच्या झाडाला त्या वर्षी दोरा आलाच नाही. मग उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या आणि लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, मुंबईबाहेर. गच्चीची किल्ली कामवाल्या मावशींकडे होती. त्या बिचाऱ्यांनी रोज पाणी घातलं, पण फक्त खालच्या कुंड्यांना, तांब्याने. टांगलेल्या सोडणालाही पाणी घालायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जून महिन्यात बाई परत आल्या आणि त्यांनी मला बोलावलं. सोडणावर वाळलेली पानं तशीच एकात एक बसलेली होती, नुसती रंगाने गेलेली.

"मी तुला एकाच जागी ठेवू नकोस म्हटलं," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या हातून असं झालं."

मी म्हटलं, "असू दे हो बाई." गावाहून आलेल्या त्या फोनवर वहिनीला जसं "बरं केलंत" म्हटलं होतं, तसंच काहीसं.

मधल्या काळात दादाचा फोन आला होता. तालुक्याच्या कॉलेजातून एक मुलगी आली होती, गावातल्या जुन्या झाडांची यादी करायला. हातात ओळखपत्र, प्राचार्यांचं पत्र. वहिनीने तिला फाटकातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. दादा म्हणाला, "आमच्या घराकडसून तहानलेला माणूस कधी गेला नाय गो. मी तिका म्हटलंय, असा करू नये. तर गप रवली." मला त्या मुलीचं नाव विचारायचं होतं, तिला पत्र लिहून माफी मागायची होती. पण दादाला नाव माहीत नव्हतं. कॉलेजात फोन करून चौकशी केली. एवढंच कळलं की तिने आपली यादी आमचं घर वगळून पुरी केली होती.

माझ्याकडचा भाग अजून आहे. कापला तेव्हा त्यावर अकरा कोंब होते, आता चार आहेत. सकाळी सात ते दहा तो स्वयंपाकघराच्या ओट्याशी असतो, दुपारी न्हाणीघरात, कारण तिथे ओल टिकते, आणि संध्याकाळी पुन्हा खिडकीशी. तो इकडून तिकडे न्यायचं काम आई करते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी तिला नको म्हणते. ती ऐकत नाही. मध्यंतरी हातातून सोडण निसटलं आणि एक कोंब मुळासकट तुटला. मी घरी आले तेव्हा तिने तो वाटीत पाणी घालून ठेवला होता आणि वाटीसमोर बसली होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिच्याजवळ बसून रडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. चहा ठेवला.

या वर्षी सप्टेंबर गेला, ऑक्टोबरही गेला. दोरा आला नाही. आमरी कधी कधी एखादं वर्ष वगळते असं बाई म्हणतात. त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्याशिवाय माझ्याकडे काही नाही. ती इतर झाडं कुठे आहेत, कोणाच्या घरात, जिवंत आहेत का, फुलतात का, हे मला कळायची सोय नाही. ती तिथे फुलत असावीत असं मला वाटतं आणि असं वाटलं म्हणून स्वतःचा रागही येतो. परक्या माणसाच्या घरात का होईना, त्यांनी जगावं, ही एवढीच इच्छा आता उरली आहे.

महिन्यातून एकदा बाईंचा फोन येतो. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागतं, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्यांना आमच्या आमरीची सगळी प्रकृती कळते.

"नवं पान?" बाई विचारतात.

"एक आलंय."

"कोणत्या कोंबाला?"

"डावीकडून दुसऱ्या."

"रंग?"

मी फोन खांद्याशी धरून सोडण उजेडात नेते आणि नीट बघते. "फिकट आहे," मी सांगते. "पण हिरवा आहे."

"बरं," बाई म्हणतात, आणि त्या वहीत लिहीपर्यंत मी फोन धरून थांबते.